सोमवारी पाद्रीमठ बंद असतो

माणूस खोटं बोलणार असला की आधी त्याचा हात खिशाकडे जातो आणि मग नजर खिडकीबाहेर. हे मला कुणी शिकवलं नाही. आधी एस.टी.चा कंडक्टर आणि पुढे तिकीट तपासनीस म्हणून उभा जन्म काढला, त्यात कळत गेलं. झोपेचं सोंग घेतलेला प्रवासी मी गाडीच्या पायरीवरूनच ओळखायचो. निवृत्त झालो तेव्हा डेपोत सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. माझी नजर काही कुणी जमा करून घेतली नाही. ती मी घरी घेऊन आलो.

घरी आम्ही दोघंच. मुलगी तन्वी लग्न होऊन पुण्याला. राहिलो मी आणि बायको सुभद्रा. तिच्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण दिवाळीनंतर तिचं काहीतरी बिनसलं होतं. टीव्हीसमोर बसायची पण मालिकेत काय चाललंय ते तिला सांगता यायचं नाही. आमटीत मीठ दोनदा पडायचं. आणि दर सोमवारी ती आरोंद्याला भावाकडे जायला लागली. वहिनीचे गुडघे धरलेत, निदान आठवड्यातून एकदा तरी जाऊन जेवण करून देते, असं तिचं म्हणणं. मी ते धरून चाललो होतो.

एका सकाळी वेंगुर्ल्याच्या बाजारात मी बांगडे बघत होतो, तर मागून दीपेश आला. माझ्याच हाताखाली तयार झालेला कंडक्टर. हल्ली तो आरोंद्याच्या गाडीवर असतो.

“काका, काकी बऱ्या आसत मा?”

“बऱ्या आसत. कित्याक?”

“नाय, दर सोमवारी पाद्रीमठाच्या थांब्यार उतरतत, म्हणान इचारलंय. थंय कोण असता तुमचा?”

“आसत वळखीचे,” मी म्हटलं, आणि माझा हात खिशाकडे गेला. दीपेशने तो बघितला. शेवटी माझाच चेला.

पाद्रीमठाचा थांबा आरोंद्याच्या बराच अलीकडे येतो. सुभद्राचं माहेर त्याच वाडीतलं, पण तिच्या भावाने ते घर कधीच बंद केलं आणि तो आरोंद्यात जाऊन राहिला. वाडीत आता तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. मग ती तिथे कुणासाठी उतरते? त्या थांब्यावर एक आंब्याचं झाड, एक खुरीस, म्हणजे क्रूस, आणि मागे तो जुना मठ, एवढंच आहे. पूर्वी तिथे गोव्याकडचे पाद्री राहायचे. पुढे तो ओस पडला. आता तिथल्या चर्चच्या लोकांनी त्याची डागडुजी करून आसपासच्या गावांतल्या जुन्या वस्तू गोळा केल्यात, आणि त्याला संग्रहालय म्हणतात. आमची सुभद्रा आणि संग्रहालय! घरातला जुना पाटा ठेवायला नको म्हणून तो शेजारणीला देऊन टाकणारी बाई ती.

दुसरा कोणी असता तर त्याने बायकोला सरळ विचारलं असतं. मी तसा नाही. तपासनीस कधी आधी कळवून गाडीत चढत नाही.

रविवारी मी तिला म्हटलं, पेन्शनरांची मीटिंग आहे. ती “बरा” म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. मी स्कूटर काढली आणि शिरोड्यावरून पाद्रीमठ गाठला.

बाहेरून मठ चांगला दिसत होता. जांभ्याच्या जाड भिंती, चुना नव्याने लावलेला, मधे चौक आणि चौकात विहीर. दारात एक गृहस्थ टेबल टाकून बसले होते. त्यांच्याकडून तिकीट घेतलं. तिकिटावर तारीख नव्हती. मला ते आवडलं नाही, आणि तिकीट देणारा गृहस्थ त्याहून आवडला नाही. वय माझ्याएवढं, म्हणजे साठीच्या पुढचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट. केस काळेभोर केलेले. या वयात केस काळे करणारा माणूस ते कुणासाठी तरी करतो.

“एकटेच?” त्याने विचारलं.

“हो. का?”

“तसं नाही. एकटं असलं की निवांत बघता येतं. या, मी दाखवतो. माझं नाव बस्त्यांव.”

“इथलेच का?”

“ह्याच वाडीतला. जन्म इथला, शाळा इथली.”

म्हणजे सुभद्राच्या शाळेतला. मी मनात नोंद केली आणि चेहरा कोरा ठेवला.

बस्त्यांव माहिती चांगली सांगत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाद्रींच्या झोपायच्या एकेका खोलीत एकेक धंदा मांडून ठेवला होता. कुठे रापणीचं जाळं आणि दोर, कुठे मिठागरात मीठ ओढायची फळी, कुठे पायाने दाबून काजू फोडायचं यंत्र. एका खोलीत दशावतारातल्या राजाचा मुकुट होता, त्याचे आरसे काळे पडलेले. मी मान डोलावत होतो. लक्ष सगळं त्याच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे होतं.

सगळ्यात शेवटी मठातलं छोटं देऊळ, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं दालन. तिथे एका कोपऱ्यात लाकडी कपाटासारखं काहीतरी होतं, मधे दार आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी.

“हे कुमसाराचं आसन,” बस्त्यांव म्हणाला. “आत पाद्री बसायचे. माणूस बाहेर गुडघे टेकून जाळीतून आपलं पाप सांगायचा.”

“मग पाद्री काय विचारायचे?”

“विचारायचे फारसं नाहीत. ऐकून घ्यायचे.”

चौकशी न करता सोडून द्यायचं, ही पद्धत मला काही पटली नाही.

समोरच्या भिंतीला टेकून चौथऱ्यावर एक काळा दगड ठेवला होता. गुडघ्याएवढा उंच, वर थोडा निमुळता, घासून घासून गुळगुळीत झालेला. बाजूला मोठा उभा पंखा गरगरत होता. भिंत दमट आहे, ती सुकावी म्हणून लावलेला, असं बस्त्यांव म्हणाला. आतापर्यंत प्रत्येक वस्तूपाशी थांबणारा हा माणूस त्या दगडापाशी मात्र थांबला नाही.

“हा कसला?”

“दुरुस्ती करताना भिंतीत सापडला. जुन्या कुठल्यातरी देवस्थानाचा असेल. चला, बाहेर चौकात विहीर दाखवतो.”

मी खाली वाकलो. चौथऱ्याच्या फटीत एक वाळलेली तांबडी पाकळी अडकली होती. जास्वंदीची.

“इथे जास्वंद कशी?”

“वाऱ्याने येते.”

“खिडक्या तर बंद आहेत.”

बस्त्यांव हसला आणि त्याच बंद खिडकीकडे बघायला लागला. मला जे हवं होतं ते मिळालं.

निघताना दारावरची पाटी वाचली. वेळ लिहिली होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सोमवारी बंद. बाकीचे सगळे दिवस सोडून माझी बायको नेमकी सोमवारी इथे येत होती. बंद दाराच्या आत, केस काळे करणाऱ्या माणसाकडे.

साठी उलटलेल्या माणसाने बायकोवर असला संशय घ्यावा, याची लाज वाटायला हवी. वाटत होतीच. पण लाज वाटली म्हणून संशय जातो असं नाही. उलट तो लाजेच्या मागे लपून बसतो आणि मधूनमधून डोकं वर काढतो. परत आत जाऊन चष्म्याचं घर मी मुद्दाम त्या काजूच्या यंत्राशेजारी ठेवलं आणि निघालो.

रात्री जेवताना मी विषय काढला.

“उद्या जातलंस आरोंद्याक?”

“व्हय.”

“काय करतलंस थंय?”

“जेवान करतलंय. आणि काय?”

“मागच्या सोमवारी काय केल्लंस?”

“मुगाची उसळ. भात. सोलकढी.”

“सोलां घरची, काय तेंची?”

तिने हातातला पेला खाली ठेवला. “तेंची,” ती म्हणाली. मग उठून हात धुवायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही. तिचं ताट अर्धं तसंच होतं. मला वाटलं, सापडली.

सोमवारी ती गाडीला जायच्या कितीतरी आधी मी घरातून निघालो. स्कूटर थांब्यापासून लांब, एका बंद दुकानाच्या मागे लावली आणि चालत मठात गेलो. बस्त्यांव पायऱ्या धूत होता. मला बघून त्याचा खराटा थांबला.

“आज बंद आसा.”

“माहीत आहे. माझं चष्म्याचं घर राहिलं काल आत.”

त्याने रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बगा जावा. बेगीन येवा.” आता तो मराठी बोलायचं विसरला होता, इतका गडबडला होता.

मी आत गेलो, घर उचललं, दारापर्यंत येऊन “मिळालं हो, येतो,” असं ओरडलो. तो तेवढ्यात बादली भरायला विहिरीवर गेला होता. “बरा, बरा,” म्हणाला. मी बाहेर न जाता भिंतीच्या कडेकडेने प्रार्थनेच्या दालनात शिरलो. लपायला जागा एकच होती. कुमसाराच्या आसनाचं दार उघडलं, आत बसलो आणि दार ओढून घेतलं. आत जुन्या लाकडाचा आणि वाळवीच्या औषधाचा वास होता. हिंदू माणसाने पाद्रीच्या जागेवर बसावं की नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता.

थोड्या वेळाने गाडीचा हॉर्न ऐकू आला. मग चपला. मग बस्त्यांवचा आवाज.

“आज उशीर झालो गो.”

“गाडीच लेट इली.”

तो “गो” ऐकून माझं डोकं भणाणलं. मी दाराला हात घातला होता, पण स्वतःला आवरलं. पुरावा पुरा हातात आल्याशिवाय पावती फाडायची नसते.

दोघं दालनात आली. जाळीतून मला सुभद्राची पाठ आणि तिच्या हातातली कापडी पिशवी दिसत होती. बस्त्यांवने एक पितळी ताटली दगडासमोर ठेवली. त्यात जास्वंदीची फुलं आणि पाण्याचा तांब्या.

“ताजी काडलंय सकाळी. मी भायर बसतंय. कोण इलो तर हाक मारतंय.”

“बरा.”

तो खरंच बाहेर गेला आणि जाताना दार लोटून गेला. सुभद्रा एकटी राहिली. माझा अर्धा राग तिथेच खाली बसला. पण त्याच्या जागी काय आणायचं ते कळेना. तिने पदर डोक्यावर घेतला, दगडावर पाणी घातलं, पाकळ्या तोडून ओल्या केल्या आणि एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला अशा चिकटवल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती कौल लावत होती.

आमच्याकडे मोठा प्रश्न पडला की माणूस देवाला कौल लावतो. गुरव ओल्या पाकळ्या पाषाणाला लावतो, सगळ्यांच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने एकेक वाक्य म्हटलं की जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गावाला तोंड उघडून सांगितल्याशिवाय आमच्या देवाशी बोलता येत नाही. पण इथे गुरव नव्हता आणि गावही नव्हतं.

“बा म्हाराजा,” सुभद्रा हळू आवाजात म्हणाली, “माज्या म्हायेरच्या मूळपुरसा, तुजा चेडू परत इला. धूप नाय, ढोल नाय, गोड मानून घे. तेच इचारूक इलंय. ह्येंका सांगूचा असात तर उजवो दी. नको असात तर डावो दी. व्हय म्हाराजा.”

ते शेवटचं जमलेल्यांनी म्हणायचं असतं. तेही तिने स्वतःच म्हटलं.

ह्येंका म्हणजे मला. मला काय सांगायचं होतं? मी जाळीला डोळा लावून बसलो. पंखा घरघरत होता. ती हात जोडून उभी होती. कधी तरी डावी पाकळी कडेने सुटली, लोंबली आणि खाली पडली.

“बरा,” ती म्हणाली. मग गुडघे टेकून खालीच बसली. “पण म्हाराजा, गाठ वाडली रे. दिवाळेक लागली तेवा सुपारीएवडी होती. आता आंग धुताना हात लागाचोय नको, अशीच जाणवता. दर खेपेक तू डावो दितंस. मी अशी गप किती रवू?” तिचा उजवा हात पदराखाली डाव्या काखेकडे गेला आणि तिथेच राहिला.

काळे केस, इस्त्रीचा शर्ट, बंद दार, रचलेला सगळा खटला एका क्षणात कुठल्या कुठे गेला आणि फक्त एक शब्द राहिला. गाठ. दिवाळीपासून. माझ्याच घरात, माझ्याच शेजारी झोपणाऱ्या बाईच्या अंगात. आणि मी तिला विचारत होतो की सोलं कुणाची.

मी इतका घाबरलो की त्या दगडाकडे नुसता बघत राहिलो. तेव्हा मला पंखा दिसला. म्हणजे तो आधीही दिसत होता, पण आता नीट दिसला. तो देवाच्या डाव्या अंगाला उभा होता आणि त्याचा सगळा वारा त्या बाजूच्या पाकळीवर जात होता. ती आधी सुकायची, आधी सुटायची. उजवी भिंतीच्या ओलाव्यात गार पडून राहायची. दर सोमवारी या बाईला नाही म्हणणारा देव नव्हताच. भिंत सुकवायचं यंत्र तिला गप्प बसायला सांगत होतं आणि ती ऐकत होती.

मी दार ढकललं. ते केवढ्याने करकरलं. सुभद्रा दचकून उठली आणि मला बघून भिंतीला टेकली. तिचा हात पिशवीत गेला आणि काहीतरी शोधायला लागला. काय ते तिलाही माहीत नसावं.

“मी आरोंद्याकच जाय होतंय,” ती म्हणाली. “वाटेत उतरलंय. हयसून दुपारच्या गाडयेन जातंय मी दर खेपेक, वयनीक इचारा. बस्त्यांव आमच्या वाडयेचो, एका शाळेत होतो आमी, म्हणान तेना दार उघडल्यान. तेच्या बायलेक पण म्हायत आसा ह्या. फुला तेंच्याच कुंपणाची. मी घरातली काय एक वस्तू हयसर आणूक नाय.”

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. मी विचारले असते ते सगळे प्रश्न तिला पाठ होते आणि मी ज्या क्रमाने विचारले असते त्याच क्रमाने ती उत्तरं देत होती. विनातिकीट सापडलेले प्रवासी माझ्यासमोर असेच उभे राहायचे, पिशवी चाचपत, विचारायच्या आधीच बोलत. त्यांच्या अशा उभं राहण्याची मला मजा वाटायची. माझी बायको तशी उभी होती. माझ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

आवाज ऐकून बस्त्यांव आत आला. त्याने मला बघितलं, उघड्या पेटीकडे बघितलं.

“तुमी? तुमी हिचो घोव?”

“व्हय.”

“अरे देवा. माका वाटलेला, तुमी पुरातत्त्वाचे माणूस. फुला बगून काय तरी लिवन घालतल्यात म्हणान काल मी भियालंय.” तो घाम पुसत खाली बसला. “हिका दोष देव नकात. दगड सापडलो तेवा मीच हिच्या भावाक कळयल्लंय. हिची आनी आमची मूळ घरां एकच. आमचे बाटले, हिचे रवले. तेच्या आदी हो दोगांचोय देव. म्हणान ती इली तेवा माका नाय म्हणवूक नाय.” मग त्याने आम्हा दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि आणखी काही न बोलता उठून बाहेर गेला.

माफी मागायची तर ती कशाकशाची मागायची? मी जाऊन पंख्याचं बटण बंद केलं. दालनात एकदम शांत झालं. बाहेर विहिरीवरच्या रहाटाचा आवाज येत होता. मग मी ताटलीतलं फूल उचललं.

“हात धुतल्यात?” सुभद्राने विचारलं.

मी हात धुतले. पाकळ्या ओल्या करून, जशा तिने लावल्या होत्या तशाच दोन्ही अंगांना लावल्या. मला गाऱ्हाणं घालता येत नाही. देवळात मी नेहमी मागे उभा राहून माणसं मोजत आलो.

“महाराजा,” मी म्हटलं, “मी हिचा घोव. हिने मला सांगायचं की नाही, ते तू आता पंख्याशिवाय सांग.”

“पंख्याशिवाय?” सुभद्रा म्हणाली. मग तिने पंख्याकडे बघितलं, डाव्या अंगाकडे बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळलं नाही.

आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसून वाट बघू लागलो. पाकळ्या काही पडेनात. वाराच नव्हता, त्या सुकणार कशा? मला घाई झाली होती, जिभेवर प्रश्न येऊन उभे होते. नेमकी कधी लागली? डॉक्टरला दाखवली का? तन्वीला माहीत आहे का? मला सोडून आधी कुणाला सांगितलंस? मी ओठ घट्ट मिटून घेतले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ अवघड कामं केली, पण त्या बाकावर गप्प बसण्याएवढं अवघड एकही नव्हतं.

“देवळात गेलंय असतंय,” सुभद्रा आपणहून बोलायला लागली, “पण थंय गुरवाक सांगूचा पडता. तो मोठ्यान गाऱ्हाणा घालता. सांज जावच्या आदी तुमच्या कानार इला असता.”

मी मान हलवली.

“डॉक्टराकडे एकटी जाव? तो पयलो इचारतलो, घोव खंय आसा?” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “आनी तुमका सांगाचा तर तुमी इचारतल्यात, कधी लागली? तेवाच कित्याक सांगूक नाय? ता तर माकाच म्हायत नाय वो. पयल्या दिवशी भियालंय म्हणान सांगूक नाय. दुसऱ्या दिवशी, पयल्या दिवशी सांगूक नाय म्हणान सांगूक नाय. मगे रोज तेच. जितके दीस जायत, तितको तुमचो तो एक प्रश्न मोठो होयत गेलो. गाठीक मी येवडी भियालंय नाय.”

एवढं बोलून ती थांबली. पाकळ्या दोन्ही तशाच होत्या. देवाने काही उत्तर दिलं नव्हतं आणि तिने सगळं सांगून टाकलं होतं.

माझे डोळे भरून आले. ती मला गाठीपेक्षा जास्त भीत होती. इतकी वर्षं मी कुणालाही फसू दिलं नाही म्हणून ताठ मानेने फिरलो, आणि माझ्या घरातलं माणूस खरं सांगायला एका दगडाकडे यायचं, तेही चोरून, बंदच्या दिवशी.

मी गप्पच होतो. तिला ते सवयीचं नव्हतं. तिने माझ्याकडे तिरकं बघितलं.

“अवो, काय तरी इचारा तरी.”

मी विचार केला. जिभेवर उभे होते त्यातला एकही प्रश्न मला नको होता.

“दुखता काय?” मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम रडवेला झाला. मी खांद्यावर हात ठेवला तशी ती माझ्या अंगावर रेलली, आणि त्या दालनात मोठ्याने रडली.

“नाय,” ती म्हणाली. “दुखत नाय. म्हणानच तर भियातंय. शेजारच्या शालिनीचीय गाठ दुखाक नव्हती. वरसभरात गेली ती.”

मी तिचे डोळे माझ्या रुमालाने पुसले, तिची पिशवी माझ्या खांद्याला लावली आणि उठलो.

“चल,” मी म्हटलं.

कुठे, ते तिने विचारलं नाही.